चार लाकडांची चौकट

वरच्या खोलीच्या भिंती अजून कंबरेएवढ्याच होत्या, तेव्हाच आमच्या घरचे सगळे तिच्यात राहायले गेलते. मनानं. प्रभाकरराव, म्हणजे माझे सासरे, त्यांले मी मामाजी म्हणते, त्यांनी ती खोली हेमराजभाऊजीच्या नावानं करून टाकली होती. हेमराज माझा धाकटा दीर. पुण्यात नोकरीले आहे, बायकोले, मयुरीले, घेऊन दिवाळीले येते अन् दुसऱ्या दिवशी बॅग भरते. "जागा नाई म्हणून थांबत नाई तो," मामाजी म्हणत. "खोली होऊ द्या, मग पाहा कसा राह्यते." आमच्या ह्यांनी, कैलासनं, तिथं बियाण्याच्या थैल्या रचल्या होत्या. तळेगावच्या बाजारात यांचं कृषी केंद्र आहे अन् पेरणी आली का गोदाम पुरत नाई. रुचिकानं, माझ्या पोरीनं, खिडकीखाली टेबल मांडलं होतं. माझ्या सासूबाई, आत्याबाई, काही बोलत नव्हत्या. त्या कशातच काही बोलत नाईत.

अन् मी? मी पाइप धरून उभी होती, विटांले पाणी मारत. वैशाखाचं ऊन असं का डोळे उघडवत नव्हते, पण मिस्त्री सांगून गेलता, "वहिनी, भिंत सुकू देऊ नका." भिंत सुकली तर भेगा पडतात म्हणे. माझ्याबद्दल तसं कोणी सांगून गेलं नव्हतं.

आमचं घर कसं आहे ते सांगते, म्हणजे माझा जीव कशात अडकला होता ते कळेल. पुढं बैठक. बैठकीतून आत गेलं का मामाजी-आत्याबाईची खोली. तिच्यातून पलीकडे गेलं का स्वयंपाकघर, अन् मागं आंगण, बाथरूम. बस. लग्न करून आली तेव्हापासून मी बैठकीत झोपते. आधी आम्ही दोघं, मग रुचिका झाली तं तिघं. रात्री दिवाणावर गादी टाकायची अन् सकाळी मामाजीचे पेपर वाचणारे दोस्त यायच्या आत गुंडाळायची. ताप असो, पाळी असो, काही असो, गादी गुंडाळायची. रुचिका पोटात होती तेव्हा ओकाऱ्या काढत काढत गुंडाळली मी, अन् खुर्चीवर येऊन बसलेला एक जण मले म्हणते, "सूनबाई, चहात आलं टाकजो." बैठकीच्या दाराले कडी आहे, नाई असं नाई. पण ती कडी साऱ्या गावाची आहे. मी लावली का दोन मिनिटांत कोणीतरी वाजवते.

कपडे मी स्वयंपाकघरात बदलते. फ्रिजच्या बाजूले थोडी जागा आहे, तिथं. एका हातानं पदर अन् एका हातानं दार.

तर वर खोली काढायचं कधीपासूनच ठरलेलं होतं. घर बांधताना मामाजींनी गच्चीवर कॉलमच्या सळया तशाच वर ठेवलत्या, पुढं मजला चढवायचा म्हणून. त्या सळयांवर प्लास्टिकच्या बाटल्या उलट्या घातलेल्या. मी त्या सळयांलेच दोरी बांधून कपडे वाळत घालत जाय. सळया गंजल्या, बाटल्या उन्हानं फुटल्या, मी नव्या घातल्या, पण मजला काही चढला नाई. औंदा संत्र्याले भाव बरा मिळाला अन् मामाजींच्या डोक्यात आलं. मले तं वाटलं, देव पावला.

मिस्त्री म्हणाला, "जिना बाहेरून घ्या, आंगणातून. तोडफोड नाई, धूळ नाई." सरळ गोष्ट होती. पण मामाजी म्हणाले, "बाहेरून जिना किरायदाराचा असते. माझं घर एक आहे. जिना आतूनच पाह्यजे."

आतून म्हणजे जुना स्लॅब फोडायचा. कुठला? बैठकीचा कोपरा. कोणता कोपरा? दिवाणाच्या वरचा. म्हणजे माझ्या उशीच्या वरचा. आता याले काय म्हणावं!

स्लॅब फोडायची मशीन आली अन् घरात आठवडाभर धुकं पडल्यासारखं झालं. तांदळाच्या डब्यात सिमेंट, देवाच्या फोटोवर सिमेंट, रुचिकाच्या केसात सिमेंट. भाकरी चावली का करकर. मी पुसत जाय अन् वरून पडत जाय. मिस्त्री-मजुरांचा सकाळचा चहा, दुपारचा चहा, पिण्याचं पाणी, टाकीचं पाणी, भिंतीचं पाणी. नळ एक दिवसाआड. रात्री आम्ही नव्या जिन्याच्या खाली झोपत होतो, कारण दिवाण ठेवायले तेवढीच जागा राह्यली होती. रोज सकाळी ह्यांचं डोकं जिन्याले लागे अन् रोज सकाळी हे म्हणत, "अरे, हा जिना!" जसं काही तो रात्रीतून उगवला.

थकवा बऱ्याच प्रकारचा असते. कापूस वेचून आल्यावरचा वेगळा, तो झोपल्यावर उतरते. हा उतरतच नव्हता. डोळे मिटले तरी कान जागे राहत: कोण आलं, कोण गेलं, कोणाले पाणी पाह्यजे. मले त्या वरच्या खोलीत काहीच करायचं नव्हतं. टेबल नाई, पोती नाई, पाहुणे नाई. मले फक्त भर दुपारी दार लावून पडायचं होतं. खाली कोणी मेलं का जगलं ते न पाहता.

एकदा ह्यांले बोलून पाह्यलं. हे जेवत होते. मी म्हटलं, "अहो, वरची खोली झाली का आपण दोघं तिथं झोपलो तं?"

"तुझीच आहे ना ती खोली," हे म्हणाले. "सगळं घर तुझंच आहे. वरण वाढ."

सगळं घर तुझंच आहे! हे वाक्य ज्यानं काढलं त्याले आणून जिन्याखाली झोपवायले पाह्यजे एकदा. मी वरण वाढलं.

चौकटीचं काम बंडूजीकडे होतं. बंडूजी म्हणजे आमच्याकडचे जुने सुतार, बाजाराच्या मागं त्यांचं शेड आहे. फोन उचलत नव्हते म्हणून मामाजींनी मले धाडलं. गेली तं भुसा उडून राह्यला होता, अन् सागाच्या लाकडाचा वास. बरं वाटलं तिथं. सिमेंटच्या वासानंतर कोणालेही बरं वाटंल.

बंडूजी म्हणाले, "येणारच होतो मी विचारायले. वहिनी, चौकट तीन लाकडांचीच ना?"

तीन लाकडं म्हणजे दोन उभी अन् एक वरचं आडवं. आतल्या खोल्यांले तशीच असते. चौथं लाकूड खालचं, उंबरठ्याचं, ते फक्त घराच्या मोठ्या दाराले लागते. मले हे माहीत नव्हतं असं नाई. आमच्या घराले एकच उंबरठा आहे अन् रोज सकाळी आत्याबाई त्यावर पाणी शिंपडतात, हळद-कुंकू वाहतात, दोन बोटं रांगोळी ओढतात. त्या माहेरी गेल्या तरच ते माझ्याकडे येते, अन् त्या परत आल्या का ताट त्यांच्याकडे जाते. तोंडानं कोणी म्हणत नाई, पण जी बाई उंबरठा पुजते, घर तिचं असते, हे आमच्याकडे लहान पोरीलेही समजते.

"चार," मी म्हटलं.

बंडूजीनं रंधा थांबवला. "मामाजींनी सांगतलं?"

"तुम्ही लाकूड कापा."

"साग आहे, वहिनी. एकदा कापला का कापला."

"म्हणूनच सांगून राह्यली."

तोंडातून गेलं खरं. हे काय करून बसली मी? वाटेत दोनदा फोन काढला. परत फिरावं, सांगावं, चुकलं, तीनच करा. पण घरी पोचली तं मिस्त्री चहासाठी बसला होता अन् दूध उतू जाऊन गॅस विझला होता. त्या गडबडीत राह्यलं ते राह्यलंच. अन् खरं सांगू? राहू द्यायचंच होतं मले.

चौकट बसवायचा दिवस मामाजींनी पंचांग पाहून काढला. आमच्याकडे चौकट बसवणं म्हणजे छोटं कार्यच असते. नारळ, आंब्याचे डहाळे, मिस्त्रीले अन् सुताराले दुपट्टा-टोपी. मामाजींनी धुतलेला पांढरा सदरा घातला होता. हे दुकान उशिरा उघडायचं म्हणून घरी होते. आत्याबाई पूजेचं ताट घेऊन आंगणात उभ्या होत्या. बंडूजीचा मालवाहू ऑटो आला अन् चौकट आंगणात उतरवून आडवी ठेवली.

मामाजी कौतुकानं भोवती फिरले. लाकडावर हात फिरवला. मग खालच्या बाजूले आले अन् थांबले.

"हे खाली काय लावलं, बंडू?"

"उंबरठा, मामा."

"आतल्या खोलीले उंबरठा? जिना चढून वर उंबरठा?" मामाजी हसले सुद्धा. "डोकं फिरलं का तुझं?"

बंडूजींनी माझ्याकडे पाह्यलं. क्षणभरच. मग ते मान खाली घालून म्हणाले, "ऐकण्यात गडबड झाली असंल माझ्या. चुकलं."

त्यांनी माझ्यासाठी वाट मोकळी केली होती. मी फक्त 'चहा ठेवते' म्हणून आत जायचं होतं. पाय वळले सुद्धा माझे. पण काय झालं का, मी इतकी थकली होती, इतकी थकली होती, का खोटं निभावून न्यायची ताकदच उरली नव्हती. खोटं बोललं का ते सांभाळावं लागते, ध्यानात ठेवावं लागते. माझ्यानं आता आणखी एक गोष्ट सांभाळणं होत नव्हतं.

"त्यांचं नाई चुकलं," मी म्हटलं. "चार लाकडं मी सांगतली."

ह्यांनी खिशातून मोबाइल काढला अन् त्यात पाहू लागले. त्यात काही नव्हतं, मले माहीत आहे. कठीण वेळ आली का हे मोबाइल पाहतात.

"काऊन?" मामाजी म्हणाले.

"मले एक दार पाह्यजे. आतून लावता येईल असं."

"तीन लाकडांच्या चौकटीले दार लागत नाई का?"

"लागते. पण ते दार कोणाचंच नसते. उद्या तिथं पोती येतील, परवा पाहुणे येतील, अन् मी पुन्हा जिन्याखाली." आवाज चढला होता माझा, मलेच ऐकू येत होता. "या घरात मी कपडे फ्रिजच्या आडोशानं बदलते, मामाजी. रुचिका मोठी झाली, तीही तिथंच बदलते. आम्ही दोघी नंबर लावतो. ताप आला तरी सकाळी गादी गुंडाळते मी, कारण तुमचे दोस्त येतात. मले एकदा, एकदा तरी, मनाले येईल तवा उठायचं आहे!"

रुचिका स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राह्यली होती. तिच्या हातात कढईचं झाकण होतं अन् ते तिनं छातीशी धरलं होतं.

मामाजी ओरडले नाई. ओरडले असते तं बरं झालं असतं, मी पण ओरडली असती. ते हळूच म्हणाले, "म्हणजे वेगळी चूल मांडतेस."

"चूल? एक चूल सांभाळता सांभाळता तोंडाले फेस आला माझ्या, दुसरी कायले मांडू? चूल राहू द्या खालीच. मले झोपायचं आहे!"

मिस्त्री खोकला. त्याले हसू आलं असावं.

"तुम्हाले नाई समजत," मामाजी म्हणाले. ते माझ्याकडे पाहत नव्हते, चौकटीकडे पाहत होते. "रोहण्याचं, आमच्या गावचं जुनं घर असंच गेलं. आधी मधल्या खोलीले उंबरठा आला. काकूनं बसवला. मग आंगणातून भिंत आली. माझा बाप अन् काका मरेपर्यंत बोलले नाई एकमेकांशी. मी लहान होतो, पण मले त्या उंबरठ्याचं लाकूड आठवते अजून." ते बंडूजीकडे वळले. "मी जित्ता आहो तोवर माझ्या घरात दुसरा उंबरठा येणार नाई. बंडू, काप ते."

मले वाईट वाटलं त्यांच्यासाठी. मी काही दगड नाई. पण त्यांच्या काकूलेही कदाचित झोपायचंच असंल, हे माझ्या मनात आल्यावाचून राह्यलं नाई.

बंडूजींनी थैलीतून करवत काढली. काढायले लय वेळ लावला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते पुसलं नाई, हात उचलायचाही कंटाळा आला होता. झालं, म्हटलं. संपलं.

तेवढ्यात आत्याबाई खाली बसल्या.

गुडघ्यांनी त्या हैराण आहेत, जमिनीवर बसत नाईत, पूजेलेही पाट लागते. पण बसल्या. हात टेकत टेकत त्या आडव्या चौकटीशी धुळीत बसल्या. तांब्यातलं पाणी उंबरठ्यावर शिंपडलं. पदरानं पुसलं. हळदीची पाच बोटं ओढली, त्यावर कुंकू. अक्षता वाहिल्या. सगळं जसं रोज सकाळी करतात तसं, घाई नाई, काही नाई. आम्ही सगळे पाहत उभे.

"अव, काय करून राह्यली!" मामाजी म्हणाले. "चौकट उभी तं होऊ दे आधी."

"झाली पूजा," आत्याबाई म्हणाल्या. "आता काप म्हणा त्याले."

बंडूजींनी करवत थैलीत ठेवून दिली. "मामा, कुंकू लागलेल्या उंबरठ्यावर करवत मी नाई चालवत. दुसरा कोणी पाहा."

दुसरा कोण येणार होता? तळेगावात तरी कोणी येत नाई. मामाजी बायकोकडे पाहत राह्यले. मले वाटते, त्यांच्या संसारात आत्याबाईनं त्यांचं न ऐकल्याची ती पहिलीच वेळ असावी, अन् तीही एवढ्या लोकांसमोर. मग ह्यांनी, आमच्या ह्यांनी, मोबाइल खिशात ठेवला.

"बाबा," हे म्हणाले, "नारळ फोडतो मी. ऊन वाढून राह्यलं."

बस, एवढंच म्हणाले. पण फोडला.

चौकट वर गेली. जिन्याच्या शेवटच्या पायरीशी बसली, चार लाकडांची, कुंकवासकट. आत्याबाईले मी हात देऊन उठवलं. मले त्यांच्या पाया पडायचं होतं, निदान काही बोलायचं होतं, पण त्यांनी साडीची धूळ झटकली अन् म्हणाल्या, "भाजी लागली खाली. वास येऊन राह्यला." संध्याकाळी त्यांनी कुंकवाची एक लहान डबी माझ्या हातात ठेवली. "वरचं तू करत जाजो. माझ्यानं रोज चढणं होत नाई."

मामाजी काही दिवस माझ्याशी बोलले नाई. चहा रुचिकाच्या हातून घेत. एका संध्याकाळी त्यांनी हेमराजभाऊजीले फोन लावला. मामाजींले कमी ऐकू येते, म्हणून फोन नेहमी स्पीकरवर. "तुझी खोली गेली रे," मामाजी म्हणाले.

"कोणती खोली?" भाऊजी म्हणाले.

"वरची. तू राहावा म्हणून काढली होती."

मग भाऊजी म्हणाले, "बाबा, खोलीचं काही नाई हो. मयुरीले तिच्या माहेरी, समुद्रपूरले, जायची घाई असते. सुट्टीच किती भेटते! पुढच्या वेळी पाहू."

मामाजींनी फोन ठेवला अन् पेपर उघडला. पेपर सकाळचाच होता, वाचून झालेला. मी चहा नेऊन ठेवला तं त्यांनी घेतला, माझ्या हातून. म्हणाले, "साखर कमी आहे." बोलणं सुरू झालं म्हणायचं.

बियाण्याचं एक पोतं हे खांद्यावर घेऊन वर आले एकदा. मी वर फरशी पुसत होती. उंबरठ्याशी थांबले. पायात चप्पल, खांद्यावर पोतं, वाकता येईना, अन् कुंकवावर पाय ठेववेना.

"चप्पल काढा," मी म्हटलं.

"कशी काढू? हात कुठं मोकळे आहेत?"

"मग खाली जा."

बराच वेळ उभे राह्यले, घाम गाळत. मग हसले अन् पोतं घेऊन खाली गेले. दुसऱ्या दिवशी बाजारातल्या कोणाचं तरी गोदाम किरायानं घेतलं. रात्री आम्ही तिघंही वरच झोपलो. सकाळी ह्यांनी सवयीनं मान वाकवून उठायचं केलं अन् वर काहीच लागलं नाई, तं तसेच वाकून बसून राह्यले.

पण मले पाह्यजे होती ती दुपार. ती भेटायलेच लय दिवस लागले. आज मजूर, उद्या रंगवाला, परवा कोणाचं तेरवीचं जेवण. शेवटी एका दुपारी सगळं जमलं. भांडी घासून झाली. हे दुकानात, रुचिका शिकवणीले. मामाजी टीव्हीसमोर. मी चटई अन् उशी घेतली अन् वर गेली. दार लावलं. कडी घातली. नवी कडी, घट्ट, जोर लावून सरकवावी लागली. खोलीले ताज्या रंगाचा वास होता. खिडकीतून हायवेवरच्या ट्रकांचा आवाज येत होता, लांबून. मी पडली.

अन् झोप काही येईना! इतकी वर्षं ज्यासाठी तरसली ती झोप समोर, अन् कान अजून खालीच. दुधवाला आला का? मामाजी उठले का? मले माझाच राग आला. अव बाई, म्हटलं, आता तरी झोप. मग हळूहळू पाठ जमिनीले टेकली. खरी टेकली. डोळे जड झाले.

तेव्हा दारावर टकटक झाली.

मी खोटं नाई सांगत, मले रडूच आलं. इथंही? चौथं लाकूड लावून, एवढी भांडणं करून, इथंही? उठायचंच नाई असं ठरवलं मी. वाजवू दे. पण दुसऱ्यांदा वाजलं नाई. बाहेरून आवाज आला, हळू, "वर्षाली, येऊ का?"

आत्याबाई होत्या.

या घरात इतक्या वर्षांत मले कोणी 'येऊ का' असं विचारलं नव्हतं. मी उठून कडी काढली. त्या उंबरठ्याच्या बाहेर उभ्या होत्या, एक हात भिंतीले, छाती वरखाली होत होती. एवढा जिना त्या एकट्या चढून आल्या होत्या. काखेत उशी होती.

"झोपली होतीस?"

"नाई, आत्याबाई. काय झालं? काही पाह्यजे का?"

"काही नाई." त्यांनी दम घेतला. "खाली तुझ्या मामाजीचा टीव्ही. अन् आमच्या खोलीतून तं सगळेच जातात, बाई. स्वयंपाकघर मागं, बाथरूम मागं. कधी पडावं अन् कधी उठावं."

सगळेच जातात. मी पण जात होती. बादली घेऊन, भांडी घेऊन, ओले केस पिळत, दिवसातून किती वेळा. मजूर सुद्धा गेले, सिमेंटच्या पायांनी. त्या पलंगावर कुशीवर पडलेल्या असत अन् आम्ही त्यांच्या पायाशी होऊन निघून जात होतो. मी कधी दार वाजवलं नाई. वाजवायले दारच नव्हतं, पडदा होता. मले वाटायचं त्यांले खोली आहे, त्यांचं बरं आहे.

"मले आत घेशील का?" आत्याबाई म्हणाल्या. "थोडा वेळच."

त्या बाहेरच थांबल्या होत्या. माझ्या हो म्हणण्याची वाट पाहत. मी बाजूले झाली. त्यांनी वाकून उंबरठ्याले बोटं लावली, कपाळाले लावली, अन् एक पाय आत, मग दुसरा.

चटई एकच होती. दोघी आडव्या पडलो, खांद्याले खांदा लागेल अशा. मी डोळे मिटले. किती वेळ गेला माहीत नाई. मग खालून मामाजींचा आवाज आला.

"अव, ऐकलं का! चहा!"

आम्ही दोघी हललो नाई.

"चहा!"

"कोणाले बोलावून राह्यले?" मी हळूच विचारलं.

"कोण जाणे." आत्याबाईनं डोळे उघडले नाई. "कडी लावली ना नीट?"

"हव, लावली."

"मग पडून राह्य."